मारुती ८००: मागच्या ॲक्सलवरून जाणाऱ्या सायलेन्सर-नळीच्या कामाच्या नोंदी

गाडी: मारुती ८००, १९९७चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पासिंग एमएच-०८. रत्नागिरी तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर उभी असते. हे शेवटचं वाक्य या कामात सगळ्यात महत्त्वाचं.

५ ऑक्टोबर २०२४

पावसाळाभर आवाज वाढत गेला. आधी थंड इंजिनवर चढ घेताना नुसती फुरफुर होती, आता भाट्याच्या पुलावर काच खाली असली की शेजारचा रिक्षावाला वळून बघतो. आज गाडी वाडीतल्या जुन्या गॅरेजच्या पिटवर घेतली. पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा, जांभ्यात खोदलेला आहे. मालकाने गाड्या घेणं बंद केलंय, पण पिट वापरू देतो.

सायलेन्सरचा डबा खालून तसा बरा दिसला. पुढचा फ्लँज (दोन नळ्या बोल्टने जोडायची चकती) गंजलेला, पण शाबूत. रोग मधे आहे, म्हणजे नळी मागच्या ॲक्सलवरून (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरून) उडी मारून डब्याकडे जाते तिथे. खाली ॲक्सल, वर फ्लोअर, पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर. हात जातो, पण हातात पाना असला तर जात नाही. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा काडीला बांधून वर सरकवला तेव्हा नळीच्या पाठीवर अंगठ्याएवढं भोक दिसलं. स्क्रू-ड्रायव्हरने शेजारी टोचलं तर तो आत गेला. भोवतालचा पत्रा कागदासारखा झालाय.

गंज तिथेच का? बाहेरून कारण सरळ आहे. चाकांनी उडवलेला चिखल ॲक्सलवरच्या खोबणीत बसतो, ओला राहतो, आणि आमच्याकडच्या चिखलात मीठ असतं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण नळीच्या पाठीला तो धूत नाही, नुसता भिजवतो. आतून गंजायचं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. लांब पल्ल्याला नळी तापते आणि ती वाफ निघून जाते. माझी गाडी जाते बाजारापर्यंत आणि परत. नळी तापायच्या आत इंजिन बंद. वाफेचं पाणी आतच साचतं, त्यात जळणातल्या गंधकाचा आंबटपणा उतरतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ पेट्रोलमधे गंधक १० पीपीएमवर आलंय, त्यामुळे हा त्रास पूर्वीपेक्षा कमी झाला. पाणी मात्र तेवढंच आहे.

भोक फ्लोअरच्या बाजूला आहे, म्हणून हे काम दिवाळीनंतर बघू असं म्हणण्यासारखं नाही. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि ८००मधे डिकी आणि केबिन म्हणजे एकच पोकळी. तोवर गाडी काचा उघड्या ठेवून, अगदी गरजेलाच.

८ ऑक्टोबर

काय करता येईल ते विचारत फिरलो.

पहिला सल्ला पॅच मारण्याचा. कुठल्याही रिकाम्या डब्याचा पत्रा भोकावर गुंडाळा, वरून पट्टा आवळा, एम-सील फासा. एम-सील तिथल्या उष्णतेला टिकत नाही. आणि पॅच धरायला भोवती जिवंत पत्रा लागतो, तो नाही.

दुसरा, बाजारातला तयार सेट. ८०० डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनली, देशात पंचवीस लाखांच्या वर विकली गेली, त्यामुळे सायलेन्सर अजून कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. आमची गाडी १९९७ची आणि रत्नागिरीची, म्हणून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही नाही. १ एप्रिल १९९५ पासून तो सक्तीचा झाला तो फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईतल्या नव्या गाड्यांना. तेव्हा आमच्याकडे बिनशिशाचं पेट्रोलच नव्हतं. एकूण नळी सोपी, महाग काही नाही. पण तयार सेट साध्या लोखंडी पत्र्याचा असतो. या गाडीला तो आधी एकदा बसलाय आणि त्याचीच ही अवस्था आहे. शिवाय नळी आणि डबा अखंड, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा हीच कसरत.

तिसरा सल्ला एका वेल्डिंगवाल्या दादांचा. “भाऊ, जीआयचा पाइप टाकतो. पाण्याला चालतो, धुराला चालणार नाय?” नको म्हटलं. जीआयवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगची ठिणगी त्याच्या कितीतरी वर. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. दादांना ते ठाऊक होतं. “मी तोंडाला फडका बांधतो ना,” म्हणाले. फडक्याने तो धूर अडत नाही.

ठरलं ते असं. ॲक्सलवरचा तुकडा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसमधे वेगळा करून घ्यायचा, आणि ॲक्सल ओलांडल्यावर, डब्याच्या अलीकडे, मागून हात पोचेल अशा जागी नवा फ्लँज द्यायचा. डबा बाजारातला साधा. तो गंजला की दोन बोल्ट काढून बदलता येईल, ॲक्सलला हात न लावता.

१२ ऑक्टोबर

दसरा. पाने, रॅचेट, हॅकसॉ सगळं पाटावर मांडून पुजलं. गाडीला झेंडूचा हार. हत्यारांना आज सुट्टी, मलाही.

१३ ऑक्टोबर

पुढचा फ्लँज. दोन बोल्ट, दोन्हींचे नट गंजाने गोल झालेले. काल रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता, सकाळी पुन्हा मारला. सहा बाजूंच्या सॉकेटनेही पकड येईना. (बारा बाजूंचं सॉकेट असल्या नटावर चढवूच नये, उरलेले कोपरेही जातात.)

गॅसने लाल करून सोडवणं हा सोपा मार्ग. पण पिटमधे मी ज्योत लावत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, ती खड्ड्यात उतरते आणि तिथेच बसते. टाकीची जुनी रबरी नळी जरा जरी पाझरत असेल तर आपण कमरेपर्यंत त्यात उभे असतो. ग्राइंडरच्या ठिणग्यांनाही तोच नियम. हे वाचून हसणारे गॅरेजवाले मला माहीत आहेत.

म्हणून छिन्नी. नटाच्या एका सपाट बाजूवर धार ठेवून आट्याच्या दिशेने ठोके देत गेलो. नट फाटला की पकड सुटते. पहिला असा सुटला. दुसऱ्याचा बोल्टच फ्लँजपाशी तुटला, तो हातड्रिलने कोरून काढला आणि भोक साफ केलं. तिथे आता आरपार बोल्ट बसेल. मागची नळी सुटल्याबरोबर पुढच्या नळीचं वजन सगळं मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या भागाच्या) स्टडवर येतं, म्हणून ती आधीच तारेने क्रॉस मेंबरला टांगून ठेवली होती. ही तार विसरली तर मॅनिफोल्डचे स्टड तुटण्याचं नवं काम निघू शकतं.

पुतण्या आयटीआयला आहे, तो मदतीला आला. “काका, यूट्यूबवर हे दहा मिनिटांत होतं.” त्यांच्याकडे समुद्र नसेल.

१५ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. पिटमधे घोट्यापर्यंत पाणी.

१९ ऑक्टोबर

आज ॲक्सल उतरवला. १९८६च्या बदलानंतरच्या ८००ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत. ॲक्सलला पुढे-मागे धरणारे दोन ट्रेलिंग लिंक, बाजूला सरकू न देणारा एक आडवा लॅटरल रॉड, आणि अखंड ॲक्सल. बॉडी जॅक पॉइंटवर उचलून जॅक स्टँडवर टेकवली. जांभ्याचे चिरे टेकूला वापरायचे नाहीत. चाकाखाली अडसर म्हणून ठीक, पण लोखंडी टोकाचा भार एका बिंदूवर आला की चिरा ठिसूळ मातीसारखा फुटतो, आणि फुटण्याआधी आवाजही करत नाही.

मग ॲक्सलच्या मधोमध ट्रॉली जॅक लावला, शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढले आणि जॅक हळूहळू उतरवला. उतरवताना नजर ब्रेकच्या रबरी नळीवर आणि हँडब्रेकच्या केबलवर. शॉक सुटल्यावर ॲक्सलला खाली जाण्यापासून अडवणारं दुसरं काही राहत नाही, आणि ब्रेकची नळी वजन टांगण्यासाठी नसते. स्प्रिंग सैल पडली तिथे थांबलो. तेवढ्या उतरण्याने नळीच्या वर पूर्ण पंजा जाईल इतकी जागा झाली.

जुनी नळी अखंड बाहेर काढायचा प्रयत्न केलाच नाही. जाणारच आहे ती. हॅकसॉचं पान नुसत्या मुठीत धरून, चिंधी गुंडाळून, डब्याच्या अलीकडे कापली. वेळ लागला, ठिणगी एकही नाही. लटकवायची रबरं साबणाच्या पाण्याने सरकवून काढली. ऑइल लावलं की रबर फुगतं. काढलेल्या तुकड्यातून गंजाचे पापुद्रे ओंजळभर निघाले. बाहेरचा व्यास मोजायला गेलो तर कॅलिपर प्रत्येक जागी वेगळं सांगत होता.

टाकीजवळच्या पेट्रोलच्या रबरी नळीला वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या. आता पेट्रोलमधे इथेनॉल मिसळलेलं असतं, जुनं रबर त्यापुढे टिकत नाही. ती हाती लागेल अशी पुन्हा कधी उघडी पडेल कोण जाणे, म्हणून इथेनॉल चालणारी नळी आणि नवे क्लिप टाकून दिले.

२० ऑक्टोबर

आजचं काम डोक्याचं. नवी नळी कुठून कशी वळणार, त्याचा नमुना.

तयार नळी मिळत असताना लोक स्वतःची का बनवत नाहीत, याचं उत्तर इथे आहे. ॲक्सल हलतो. गाडी उभी असताना वर भरपूर जागा दिसते, आणि खड्ड्यात मागे चार माणसं बसलेली असताना ॲक्सल वर येऊन नळीला धडकतो. उलट ॲक्सल लोंबकळत असताना माप घेतलं तर सगळंच चुकतं.

मी असं केलं. शॉक परत लावले, ॲक्सलखालचा जॅक चढवत गेलो, बॉडी स्टँडवरून जेमतेम उचलली जाईपर्यंत. आता स्प्रिंगवर तेवढाच भार आहे जेवढा रस्त्यावर असतो. या अवस्थेत ॲक्सल आणि बंप स्टॉपरचं रबर (ॲक्सल बॉडीवर आदळू नये म्हणून असतं ते) यांतलं अंतर मोजलं. ॲक्सल वर येऊ शकतो तो तेवढा, अधिक रबर जितकं दबेल तितका. त्यात आणखी २० मिमी मोकळी जागा धरली. या बेरजेएवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा ॲक्सलच्या पाठीवर चिकटपट्टीने बसवला. नळीने त्या ठोकळ्यावरून जायचं आणि फ्लोअरपासून बोटभर लांब राहायचं. त्या दोन्हींच्या मधे उरतं ते नळीचं घर.

६ मिमीची सळई वाकवत वाकवत त्या घरातून नेली. ती म्हणजे नळीची मध्यरेषा. दोन टोकं, नव्या फ्लँजची जागा, रबरांच्या हुकांची जागा, सगळ्यांवर रंगाच्या खुणा. टाकीच्या बाजूला वळण थोडं दूर घेतलं, आणि मधे पत्र्याचा आडोसा द्यायचं ठरलं.

स्टेनलेसचं एक वेगळं गणित आहे. तापल्यावर ते साध्या लोखंडापेक्षा जास्त पसरतं. मीटरभर नळी तीनशे अंशांनी तापली तर लोखंड साडेतीन मिलिमीटर वाढतं, ३०४ पाच. म्हणून हुक रबराच्या मधोमध न ठेवता थोडे पुढच्या बाजूला धरले. नळी तापली की ते मागे सरकून मधे येतात.

२६ ऑक्टोबर

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. दुसऱ्या कामासाठी जायचंच होतं, सळई टपावर बांधून नेली. आंबा घाटात सगळे बघत होते.

रत्नागिरीत स्टेनलेसचा पाइप मिळतो, पण तो जिन्याच्या रेलिंगचा. त्यात बराच माल २०२ ग्रेडचा असतो. निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि खाऱ्या हवेत त्यावर तांबूस डाग लवकर येतात. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, “बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल.” २०२लाही चुंबक चिकटत नाही, ३०४लाही नाही. गंमत म्हणजे गाड्यांच्या कारखान्यात सायलेन्सरला वापरतात ते ४०९ स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. चुंबकाची परीक्षा इथे काही कामाची नाही.

कोल्हापुरात दूध संघांमुळे डेअरी फिटिंगचा बाजार आहे. तिथे ३०४चे तयार बेंड मिळतात, आतून गुळगुळीत, वळणावर न चेपलेले. ३८ मिमीचे, दीड मिमीच्या आसपास जाडीचे घेतले. मूळ नळीपेक्षा किंचित मोठे, पण सळईच्या घरात बसतात. पुतण्याला वाटतं मोठ्या नळीने ताकद वाढेल. चाळीस अश्वशक्तीही नसलेल्या इंजिनात, मागे तोच डबा असताना, काही वाढत नाही.

९ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. बेंड ९० अंशांचेच मिळतात. सळईवर ठेवून हवा तेवढा कोन आखला आणि त्याचे तुकडे कापले. हे काम घराच्या अंगणात, गाडीपासून लांब, त्यामुळे ग्राइंडर चालला. तुकडे गाडीखाली नेऊन चिकटपट्टीने जोडून पाहिले. प्रत्येक जोडावर दोन्ही तुकड्यांना ओलांडणाऱ्या उभ्या खुणा मारल्या, म्हणजे टेबलावर जोडताना पीळ पडत नाही. गाडीवरच टॅक, म्हणजे वेल्डिंगचा तात्पुरता टाका, मारायचा मोह इथे होतो. टाकी तिथेच आहे.

आर्गन वेल्डिंग मिरकरवाड्याकडच्या एका कारागिराकडे. होड्यांची स्टेनलेसची कामं करतो, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. स्टेनलेस स्टेनलेसला भेटतं तिथे ३०८ची तार. जिथे स्टेनलेस लोखंडी फ्लँजला भेटतं तिथे ३०९. साधी लोखंडी तार वापरली तर तो जोडच आधी गंजतो, कधी तडकतो. नळीची तोंडं ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करून आतून आर्गन सोडायला मी सुचवायच्या आत तो पट्टी कापत होता. फ्लँज ८ मिमी जाडीचे, जोडी एकमेकांना बोल्टने आवळून मगच वेल्ड केले. सुटा फ्लँज वेल्ड केला की गरम होऊन वाकतो आणि पॅकिंग कधीच नीट बसत नाही.

नव्या डब्याची पुढची नळी कापून तिथेही फ्लँज. डब्याच्या तळाला पाणी गळायचं बारीक भोक असतं, ते रंगाने बुजलेलं होतं, मोकळं केलं. लोखंडी भागांवर सहाशे अंशांचा ॲल्युमिनियम रंग.

१० नोव्हेंबर

बसवलं. ॲक्सल पुन्हा उतरवला, नळी बाजूने तिरपी आत घातली, फिरवली, आणि ती जागेवर आली. पुढचा फ्लँज आधी सैल, मग मागचा सैल, मग रबरं, आणि सगळं आपापल्या जागी स्वस्थ लोंबतंय हे पाहून शेवटी आवळलं. एक टोक आधी घट्ट केलं की नळी कायमची ताणात राहते आणि रबरं तुटत राहतात.

बोल्ट लोखंडी, नट पितळी. पितळ लोखंडावर गंजून जाम होत नाही, पुढच्या वेळी छिन्नी लागू नये. स्टेनलेसचे नट-बोल्ट जाणूनबुजून टाळले. एकाच जातीचं स्टेनलेस एकमेकांवर आवळताना आटे चिकटून बसतात. आट्यांवर तांब्याचं ग्रीस.

गळती इंजिन सुरू न करता तपासली. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकायची बाजू टेलपाइपला लावली, कापडाने बंद केली, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. पुढच्या फ्लँजला एका बाजूला बुडबुडे. नट अर्धा फेरा आवळल्यावर थांबले. मग इंजिन. पहिली दहा मिनिटं नव्या रंगाचा धूर आणि वास, तो भाजून घट्ट व्हायलाच हवा. नंतर जुना, कुरकुरता, तीन सिलिंडरचा आवाज.

१७ नोव्हेंबर

नळी काही वेळा तापून निवल्यावर पॅकिंग दबतं, म्हणून चारही नट पुन्हा आवळले. थोडे फिरले.

खरी परीक्षा: मागे तिघे मोठे, डिकीत तांदळाची पोती, आणि हातखंब्याकडचा महामार्ग. चौपदरीकरणाने या कामासाठी लागणारे सगळे खड्डे एका जागी उपलब्ध करून दिले आहेत. ॲक्सलच्या पाठीवर जाण्याआधी ओल्या खडूचा जाड थर फासला होता. परत आल्यावर आरसा घालून पाहिलं. नळीच्या पोटाला खडू लागलेला नाही. फ्लोअरच्या बाजूलाही घासल्याची खूण नाही. टाकीकडच्या आडोशाचा एक स्क्रू खडखडत होता, त्याला वॉशर दिला.

खर्च, विचारणाऱ्यांसाठी: बेंड आणि पाइप, आर्गन, साधा डबा, फ्लँज, पॅकिंग, नट-बोल्ट मिळून पाच हजारांच्या आत. तयार सेटपेक्षा जास्त आहे. माझी मजुरी धरलेली नाही, पुतण्याची वडापाववर भागली.

२३ नोव्हेंबर

पीयूसी. केंद्रातला मुलगा मोबाइलवर विधानसभेचा निकाल बघत होता, गाडी ओळीत असताना दोन जागा इकडच्या तिकडे झाल्या.

इथे एक गोष्ट दिसली, जी अपेक्षित होती तरी बघायला मजा आली. उन्हाळ्यात, म्हणजे नळीला भोक पडायला सुरुवात झाली असणार तेव्हा, कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छान कमी आला होता. आज नवी, घट्ट नळी, आणि आकडा वाढला. कारण सरळ आहे. गळक्या नळीत धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि यंत्राला पाणी घातलेला नमुना मिळतो. या वयाच्या गाडीला मर्यादा ३ टक्के. आकडा आत होता, पण काठावर. म्हणजे कार्ब्युरेटर बराच काळ श्रीमंत मिश्रण (पेट्रोल जास्त, हवा कमी) देत होता आणि भोक ते झाकत होतं.

सर्टिफिकेट घेतलं. घरी येऊन इंजिन गरम असताना मिक्श्चर स्क्रू थोडा थोडा आत घेत गेलो, आयडलिंग अडखळेपर्यंत, मग तिथून जरा परत. ॲव्हरेज किती बदलतं ते दोन टाक्या संपल्यावर इथेच लिहीन. एअर फिल्टरही बघायचा आहे.